गाडी भर गई क्या?

यंदा डिसेंबरात आमच्याकडे अशी थंडी पडली की शेतकऱ्यांनी केळीच्या बागांच्या बांधावर रात्री काडीकचरा पेटवून धूर केला. चोपडा-यावल-रावेरच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. केळीला थंडी सोसत नाही. पारा दहाच्या खाली उतरला की पानं पिवळी पडतात आणि निसवायला आलेला घड आतच अडकतो. गावात एकीकडे भरिताच्या पार्ट्या चालू होत्या, दुसरीकडे बागाईतदारांची झोप उडाली होती. आणि नेमक्या याच दिवसांत आम्ही ८१ वर्षांच्या अब्बांना गाडीत घालून मेळघाटात गेलो.

हे शहाणपणाचं होतं की नाही, यावर आमच्या घरात अजून दोन मतं आहेत. मी माझं लिहिते, तुम्ही तुमचं ठरवा.

अब्बांनी २८ वर्षं ट्रक चालवला. परतवाड्याच्या लाकूड डेपोत लिलाव झाला की तिथून सागवान भरायचं आणि सेमाडोह, हरिसाल, धारणी, बऱ्हाणपूर करत खानदेशातल्या लाकडाच्या वखारींना पोहोचवायचं, हे त्यांचं काम. आमच्या लहानपणी अब्बा म्हणजे दारात उभा राहणारा डिझेलचा आणि ओल्या लाकडाचा वास. चार-पाच दिवसांनी यायचे, एक रात्र झोपायचे आणि पुन्हा जायचे.

गेल्या चार वर्षांत त्यांची आठवण जात चालली आहे. सुरुवातीला आम्ही वयाचा विसर म्हणून सोडून दिलं. मग एक दिवस जुम्याच्या नमाजला गेलेले अब्बा मशिदीतून घराकडे न येता बसस्थानकावर जाऊन बसले. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हा स्मृतिभ्रंश आहे. औषधाने जरा सावकाश होईल, बरा होणार नाही. भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना हा आजार असावा असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे ही फक्त आमच्या घरची गोष्ट नव्हे. ते मला कधी ‘बेटी’ म्हणतात, कधी ‘आपा’. त्यांची आपा, म्हणजे माझी फुफी, जाऊन वीस वर्षं झाली.

रोज मगरिबच्या सुमारास त्यांची चुळबुळ सुरू होते. चष्मा शोधतात, चपला शोधतात आणि विचारतात, “गाडी भर गई क्या?”

माझा भाऊ खरं बोलणारा माणूस. तो दर वेळी सांगायचा, “अब्बा, गाडी नव्वद साली विकली. आता कुठे जायचं नाही.” आणि दर वेळी अब्बांचा चेहरा असा उतरायचा, जणू गाडी आजच विकली गेली. भावाला वाटायचं, खरं सांगत राहिलं तर कधीतरी लक्षात राहील. मला वाटायचं, हा रोज त्यांची गाडी नव्याने विकतो. यावरून आमचे खटके उडायचे.

सहलीचा हट्ट पुतण्याचा. बारा वर्षांचा आहे, त्याला वाघ बघायचा होता. नाताळच्या सुटीत मेळघाटला जायचं ठरलं. भाऊ म्हणाला, अब्बांना तीन दिवस खालाकडे ठेवू. मी म्हटलं, ज्या रस्त्यावर त्यांचं आयुष्य गेलं त्याच रस्त्याने आपण जाणार आणि त्यांनाच मागे ठेवणार? भाऊ म्हणाला, “तुला काय, भावनेवर बोलायचं. रात्री उठून गेले तर जंगलात शोधणार कोण?” त्याचं हे बोलणं पुढे खरं ठरलं, हे आधीच कबूल करते. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, न्या, पण एकटं सोडू नका, ऊब ठेवा, गोळ्यांची वेळ चुकवू नका आणि नवीन जागी रात्री जास्त गोंधळतील हे धरून चला.

फजर करून साडेसहाला निघालो. अब्बा पुढच्या सीटवर, डोक्याला मफलर, अंगावर अम्मीने विणलेला स्वेटर आणि वरून रजई. यावल, फैजपूर, सावदा, रावेर. दोन्ही बाजूंना केळी, त्यावर धुकं आणि धुराचा एकच थर. फैजपूरला मी मुलांना सांगितलं की १९३६ च्या डिसेंबरात इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेडेगावात भरलेलं पहिलं. पुतण्याने विचारलं, “एवढ्या थंडीत?” इतिहासात त्याला तेवढंच महत्त्वाचं वाटलं.

बऱ्हाणपूरला मावा जलेबी खाल्ली. अब्बांनी दोन संपवल्या आणि तिसरी रुमालात बांधली. विचारलं तर म्हणाले, “क्लीनरसाठी.” भाऊ तोंड उघडणार होता, मी त्याचा हात दाबला.

खकनार, देडतलाई मागे टाकून धारणीला पोहोचलो. जोहर कसर करून पढली आणि हरिसालच्या रस्त्याला लागलो. इथून जंगल सुरू होतं. आणि इथूनच अब्बा बदलले. ताठ बसले. समोरच्या काचेतून बघत म्हणाले, “आता उजवीकडे मोडेल. मग छोटा पूल.” वळण आलं, पूल आला. “इथे गाडी तापायची. पाणी घालायला थांबायचो.” उतार लागला तसा त्यांनी भावाच्या हातातल्या गिअरकडे पाहिलं आणि म्हणाले, “जिस गिअर में चढे, उसी गिअर में उतरो. ब्रेकवर भरवसा ठेवू नको.” नातवाचं नाव त्यांना सकाळपासून तीनदा सांगितलं होतं, तिन्ही वेळा विसरले. हा रस्ता मात्र कुठेही गेला नव्हता. भावाने निमूटपणे गिअर बदलला.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतलं हे जंगल. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा देशभरात पहिले नऊ राखीव प्रदेश निवडले गेले, त्यात महाराष्ट्रातला एकटा मेळघाट होता. त्याच्या पोटात गुगामल राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं. पण आपल्या खानदेशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या मेळघाटातल्या नद्या. त्या सगळ्या शेवटी तापीला मिळतात आणि तापी आपल्या दारावरून जाते. हतनूरच्या धरणात अडतं त्यात या जंगलात मुरलेला पाऊसही असतो. तिथलं झाड उभं राहिलं तर आपल्या विहिरीला पाणी राहतं. वाघाची काळजी ही फक्त हौशी लोकांची काळजी नव्हे, ती केळीवाल्याचीही आहे.

सेमाडोहला पोहोचलो तेव्हा ऊन डोंगराआड गेलं होतं. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती आणि बादलीतलं पाणी हाताला चावत होतं. घरून आणलेली कळण्याची भाकरी आणि भरीत चुलीवर गरम करून घेतलं. वजूसाठी दोन थर्मास गरम पाणी भरून ठेवलं. थंडीत म्हाताऱ्या माणसाला बाहेर नेणार असाल तर चहाच्या आधी या पाण्याची सोय करा. मगरिबला अब्बांनी नेहमीचा प्रश्न विचारला, भावाने नेहमीचं उत्तर दिलं आणि सगळे झोपलो. अब्बा भावाच्या खोलीत, आम्ही बायका-मुलं शेजारच्या.

पहाटे पाचच्या सुमारास भावाने दार ठोठावलं. “अब्बा तुमच्याकडे आलेत का?”

ते चार शब्द ऐकून पायातली शक्ती कशी जाते, हे ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळेल. पलंग रिकामा. रजई नव्हती, चपला नव्हत्या. दाराची फक्त खालची कडी लावलेली होती, वरची राहून गेली होती. दिवसभर अडीचशे किलोमीटर गाडी चालवून भाऊ दमला होता, त्याला जाग आली नाही. बाहेर मिट्ट काळोख. कुठेतरी एक भेकर भुंकत होतं. भेकर धोका दिसला की असं ओरडतं, हे मी कालच मुलांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं.

मोबाईलच्या उजेडात आम्ही रस्त्याकडे धावलो. मी दुरूद पढत होते, भाऊ हाका मारत होता. फाटकाजवळ शेकोटीचा उजेड दिसला. दोन माणसं बसलेली. एक चौकीदार, दुसरे अब्बा. रजई पांघरून, हात शेकत, हातात पितळी पेल्यात चहा.

आम्ही जवळ गेलो तेव्हा अब्बा विचारत होते, “गाडी भर गई क्या?”

चौकीदार काडीने विस्तव सारखा करत म्हणाला, “भर रही है, बाबा. टाइम लगेगा. चाय पियो.”

अब्बा म्हणाले, “ठीक है,” आणि चहा प्यायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर उतरलेपण नव्हतं, घाई नव्हती. आपलं काम चालू आहे आणि आपली पाळी यायची आहे, एवढं समाधान होतं.

भाऊ तिथेच मटकन बसला आणि रडायला लागला. त्याला असं रडताना मी अम्मीच्या जनाज्यानंतर पाहिलं नव्हतं.

चौकीदार कोरकू होता, पन्नाशीचा. म्हणाला, “तासभर झाला आले त्याले. कुठल्या खोलीतले ते सांगता येईना त्यांना. एकट्याले सोडून विचारायला जाऊ कसा? म्हटलं, उजाडलं की शोधायला कोणी येईलच.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “आमच्या बुढ्याचंही असंच होतं. आमचं गाव आतल्या जंगलात होतं, ते उठवून बाहेर वसवलं. बुढा नवीन गावात रोज बैल शोधायचा. आम्ही सांगायचो, चरायला गेलेत. मग जेवायचा. बैल नाहीत म्हटलं की दिवसभर उपाशी.”

भावाने डोळे पुसले. आम्ही तिथेच थर्मासच्या पाण्याने वजू केला आणि शेकोटीजवळ चादर अंथरून फजर पढली. भाऊ इमाम झाला. घरी एकटे पढताना अब्बा रकाती विसरतात, पुन्हा पुन्हा सुरुवात करतात. त्या दिवशी भावाच्या मागे उभे राहिले तेव्हा एकही चूक झाली नाही. पुढे कोणी असलं की त्यांना वाट सापडते. इतक्या दिवसांत हे आमच्या लक्षात कसं आलं नव्हतं?

सकाळच्या सफारीची जिप्सी ठरलेली होती. उघड्या गाडीत अब्बांना नेणं शक्य नव्हतं. मी थांबते म्हटलं, पण भाऊ म्हणाला, “तू जा मुलांबरोबर. आज मी बसतो त्यांच्याजवळ.”

उघड्या जिप्सीतली थंडी हा प्रकार वेगळाच. कानटोपी, दोन स्वेटर, वर घोंगडी, तरी दात वाजत होते. गाईड कोरकू तरुण होता. त्याने सांगितलं की त्यांच्या भाषेत सागाला सिपना म्हणतात. म्हणजे अब्बा ज्या नदीकाठून सागवान वाहून न्यायचे, तिचं नावच साग!

वाघ दिसला नाही. हे आधीच सांगते, म्हणजे वाचताना वाट बघायला नको. मेळघाटचं जंगल दाट आणि डोंगराळ, इथे वाघ ताडोबासारखा सहजासहजी समोर येत नाही. पण धुळीच्या वाटेवर त्याच्या पावलांचा ताजा ठसा दिसला, माझ्या पसरलेल्या हाताएवढा. पुतण्या खाली वाकून बघत राहिला. “म्हणजे तो आत्ताच इथून गेला?” त्याला उतरू दिलं नाही, तो नियम आहे, पण त्या ठशाने त्याचं पोट भरलं. पुढे गव्यांचा कळप दिसला, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे. अंगावर दव आणि पाठीतून वाफ निघत होती. सांबराची मादी कान टवकारून उभी होती. एका मोकळ्या माळावर शंभरेक चितळं उन्हाला आली होती.

माळ इतका सुंदर होता की मुलांनी गाडी थांबवायला लावली. गाईड म्हणाला, “इथे पहिले गाव होतं. त्या चिंचेखाली पार होता.” पुनर्वसनात गाव बाहेर गेलं, शेतांचं गवत झालं, गवताला चितळं आली. चितळांच्या मागे वाघ येतो. जंगलाला जागा मिळाली हे खरंच. कोणाचा तरी बुढा बैल शोधत राहिला हेही खरं. मेळघाटातून उठवलेल्या गावांतले काही लोक सोयी मिळाल्या नाहीत म्हणून नंतर जंगलात परत आले होते आणि त्यावरून मोठा तणाव झाला होता, हे वर्तमानपत्रांत आलेलं आहे. आपण तिकीट काढून जे बघतो, त्याची किंमत कोणीतरी आधी चुकवलेली असते, एवढं मुलांना कळलं तरी पुरे.

परतताना गाईडने गाडी थांबवून एका बोडक्या झाडाच्या शेंड्याकडे बोट केलं. मूठभर घुबड, भर उन्हात बसलेलं. रानपिंगळा. याची गोष्ट मी मुलांना परतीच्या वाटेवर सांगितली, तुम्हालाही सांगते, कारण ती आपल्या खानदेशाची आहे.

हा पक्षी १८७३ साली शास्त्रज्ञांनी प्रथम नोंदवला. १८८४ नंतर तो कोणाला दिसलाच नाही. संपला असंच सगळे धरून चालले. एका इंग्रज अधिकाऱ्याने तर संग्रहालयातला जुना नमुना चोरून, तो आपण गुजरातेत १९१४ साली मिळवला अशी खोटी चिठ्ठी लावली होती. त्यामुळे शोधणारे भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. आपले सलीम अली, मुंबईच्या मुस्लिम घरात १८९६ साली जन्मलेले, मामांनी वाढवलेले अनाथ मूल, पुढे ज्यांनी साऱ्या देशाला पक्षी बघायला शिकवलं, ते १९८७ साली वारले तोवरही हा पक्षी कोणाला पुन्हा दिसला नव्हता. मग पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी जुने नमुने तपासून ती लबाडी पकडली, खरी ठिकाणं वेगळी काढली आणि दोन सहकाऱ्यांना घेऊन तिथे शोधायला आल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये रानपिंगळा सापडला. कुठे? शहाद्याजवळ. चोपड्यावरून जाणाऱ्या आपल्याच अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर. ११३ वर्षं तो कुठेही गेला नव्हता. लोक भलतीकडे शोधत होते.

परत आलो तेव्हा नऊ वाजले होते. फाटकाजवळची शेकोटी विझत आली होती आणि अब्बा अजून तिथेच होते. शेजारी भाऊ मांडी घालून बसलेला. अब्बा त्याला सांगत होते की मोठे ओंडके खाली, बारीक वर, बुंधा केबिनच्या बाजूला आणि साखळी दोनदा आवळायची, एकदा डेपोत आणि एकदा पाच मैल गेल्यावर. भाऊ विचारत होता, “पाच मैलांनी का?” अब्बा म्हणाले, “हादऱ्याने माल बसतो. ढिली पडते. कितने मर गये इसमें.” मग त्यांनी घाटात गेलेल्या एका साथीदाराची गोष्ट सांगितली. आम्ही ती आयुष्यात कधी ऐकली नव्हती. भावाच्या डोळ्यांसमोर बापाची २८ वर्षं पहिल्यांदाच उलगडत होती.

निघताना रुमालातली जलेबी अब्बांनी चौकीदाराला दिली. त्याला क्लीनर समजून दिली की यजमान म्हणून, कोण जाणे. त्याने दोन्ही हातांनी घेतली.

ज्यांच्या घरात असं कोणी आहे, त्यांच्यासाठी थोडं. नवीन जागी झोपायच्या आधी दाराची वरची कडी स्वतः तपासा आणि एकाने दाराला लागून झोपा. त्यांच्या खिशात नाव आणि घरातल्या दोघांचे मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, आम्ही आता ती सदऱ्याच्या आत शिवून टाकली आहे. त्यांची रोजची रजई आणि रोजचा पेला बरोबर न्या. रात्री बारीक दिवा चालू राहू द्या. “मला ओळखलं का?” अशी परीक्षा घेऊ नका, आपणच नाव सांगून बोलायला लागा. अडचण आली तर ज्येष्ठांसाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४५६७. आणि एवढ्या लांब जमणार नसेल तर सातपुडा आपल्या उशाशीच आहे. यावल अभयारण्यात, पालच्या बाजूला, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं.

आता भाऊ रोज मगरिब घरीच पढतो, अब्बांना मागे उभं करून. सलाम फिरवला की अब्बा विचारतात, “गाडी भर गई क्या?”

भाऊ जानमाज गुंडाळत म्हणतो, “भर रही है, अब्बा. खाना खा लो.”

आणि अब्बा जेवायला बसतात.